खानवेलच्या वाटेवर

गेल्या वर्षी ऑगस्टच्या अखेरीस आम्हांस खानवेलला जाण्याचा योग आला. सोबत आमच्या धर्मग्रामातील एक निवृत्त गुरुजी व त्यांचा बारा वर्षांचा नातू होता. गुरुजींनी ऐंशी ओलांडली आहे. १९५४ साली ते शाळकरी पोर होते आणि दादरा व नगर हवेली मुक्त झाल्याची वार्ता त्यांनी वडिलांच्या खांद्याला खांदा लावून, एका शेजाऱ्याच्या घरी रेडिओवर ऐकली होती. तो मुलूख एकदा डोळ्यांनी पाहावा ही त्यांची फार दिवसांची इच्छा. "पाय चालताहेत तोवर नेऊन आणा, फादर," असे त्यांनी म्हटल्यावर आम्हांस नाही म्हणवले नाही.

मुंबई-अहमदाबाद हमरस्त्याने तलासरी गाठावी, तेथून उधव्याच्या बाजूने आत वळावे, म्हणजे थोड्याच वेळात महाराष्ट्राची हद्द संपून खानवेल लागते. सिल्वासाहून येणाऱ्यास ते सुमारे वीस किलोमीटर पडते. त्या वाटेवर दपाडा येथे सातमालियाचे हरणांचे उद्यान आहे. खानवेलच्या अंगाला साकरतोड नदी वाहते. पावसाळ्यात तिचे पाणी तांबूस होते आणि दोन्ही काठांवर भाताची खाचरे हिरवीगार डोलत असतात. पलीकडे सागाचे रान. वारली, कोकणा, धोडिया अशा आदिवासी बांधवांची ही भूमी. बाजारात उभे राहिले तर एका कानाने गुजराती व दुसऱ्या कानाने मराठी ऐकू येते, आणि वारली बोली दोहोंच्या मधून आपली वाट काढीत असते.

गुरुजींनी गाडीतच नातवाचा इतिहासाचा तास घेतला. पेशवे व पोर्तुगीज यांच्यामध्ये १७७९ साली तह झाला व त्यापोटी १७८३ पासून नगर हवेलीचा मुलूख पोर्तुगिजांकडे गेला. पुढे १९५४ च्या जुलैअखेर स्वयंसेवकांनी दादरा व नारोळी सोडविली आणि २ ऑगस्टला सिल्वासा मोकळे झाले. त्या स्वयंसेवकांत आपले गायक-संगीतकार सुधीर फडके हेही होते. पोर्तुगीज पोलिसांची उरलेली तुकडी खानवेलच्या बाजूस माघारली व ११ ऑगस्टला शरण आली. पोर्तुगालने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दाद मागितली. १२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालयाने म्हटले, की सैन्य व सशस्त्र पोलीस नेण्याचा हक्क पोर्तुगालला नव्हता. या मुलखाचा कारभार सात वर्षे पंचायतीने चालविला. १९६१ च्या ऑगस्टमध्ये विलीनीकरणाच्या करारावर सही करण्यासाठी बदलानी नावाच्या सनदी अधिकाऱ्यांना एका दिवसापुरते पंतप्रधान करण्यात आले! हे ऐकून नातू पोट धरून हसला. २६ जानेवारी २०२० पासून हा प्रदेश दमण व दीव यांच्याशी जोडला गेला आहे.

खानवेलहून आणखी वीस किलोमीटरवर दुधनी आहे. दमणगंगेवर मधुबन धरण झाल्यामुळे तिचे पाणी डोंगरांच्या कुशीत शिरले आहे आणि तेथे होड्या फिरतात. गुरुजी काठावर बराच वेळ बसून होते. निघावयास उशीर झाला. आणि येथूनच आमच्या फजितीची कथा सुरू होते.

वाचकहो, प्रथम एक गोष्ट कबूल केली पाहिजे. आमची गाडी जुनी. पावसाळ्यात रात्री-अपरात्री आजाऱ्यांकडे जावे लागते, म्हणून जून महिन्यात आम्ही बाजारातून धुक्याच्या दिव्यांची एक जोडी आणली. मेकॅनिकला मजुरी का द्यावी, असा विचार मनात आला. सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञान व ईशज्ञान शिकलो. विजेचे ज्ञान मात्र मोबाइलवरील एका चित्रफितीतून मिळविले, आणि तेवढ्या भांडवलावर पक्कड हाती घेतली. पार्किंगच्या छोट्या दिव्यांना जाणारी वायर डॅशबोर्डच्या मागे सोलली, तिला नव्या दिव्यांची वायर पिळून जोडली, वर चिकटपट्टी गुंडाळली. दिवे लख्ख लागले. आम्ही स्वतःवर बेहद्द खूश झालो.

दोन दिवसांनी छोट्या दिव्यांचा फ्यूज उडाला. दुसरा बसविला, तोही उडाला. तो लाल रंगाचा, म्हणजे दहा अँपिअरचा होता. तेव्हा आम्ही दुकानातून हिरवा, तीस अँपिअरचा फ्यूज आणून त्या जागी खोचला. मग काही उडाले नाही. खानवेलला जाताना वाटेत ही आमची हुशारी आम्ही गुरुजींना व नातवाला मोठ्या चवीने सांगितलीही होती.

दुधनीहून निघालो तेव्हा अंधारून आले होते. पावसाने झोड धरली. आम्ही सगळे दिवे लावले. वळणामागून वळण, एका बाजूस डोंगर, दुसऱ्या बाजूस काळोख. अर्ध्या वाटेवर मागून नातू म्हणाला, "फादर, काहीतरी जळतंय." आम्ही म्हटले, बाहेर कोणी पालापाचोळा पेटविला असेल. भर पावसात कोण पालापाचोळा पेटविणार, हा विचार काही आमच्या मनास शिवला नाही. एवढ्यात एका खड्ड्यातून गाडी उसळली, डॅशबोर्डच्या खालून धुराचा लोट आला आणि पुढचे सर्व दिवे एकदम विझले.

तो क्षण आम्ही विसरणार नाही. गाडी चालत होती, परंतु पुढचे काहीच दिसत नव्हते. ब्रेक दाबला, चावी फिरवून इंजिन बंद केले. गुरुजींना हात धरून उतरविले, नातवाला डोंगराच्या बाजूस उभे केले. हात थरथरत होते. बॉनेट उघडून बॅटरीची ऋण बाजूची तार सोडविली, तेव्हा धूर हळूहळू ओसरला. विजेच्या प्रकाशात पाहिले तर रस्त्याची कड गाडीपासून पाच-सहा हातांवर होती.

जवळच्या पाड्यावरून एक वारली गृहस्थ टॉर्च घेऊन धावत आले. त्यांनी काही न विचारता गुरुजींना आधार देऊन आपल्या घरी नेले. कुडाच्या भिंतींचे ते घर. ओटीवर घोंगडी अंथरली, चूल पेटवून कोरा चहा दिला. गुरुजी भिजून कुडकुडत होते. त्यांच्या ओठांचा रंग पाहून आमचे काळीज हलले. घरच्या मुलाने फोन करून खानवेलच्या एका तरुण मेकॅनिकला बोलाविले. तो पाऊण तासाने मोटारसायकलवरून, प्लास्टिकच्या कागदात हत्यारे बांधून आला.

त्याने पहिलाच प्रश्न केला, "साहेब, वायरिंगला कुणी हात लावला होता का?"

आम्ही म्हणालो, "गाडी फार जुनी आहे हो."

हे वाक्य खोटे नव्हते. पण खरेही नव्हते. तो बिचारा टॉर्च दातांत धरून गाडीत शिरला. बॅटरी तपासली, पट्टा तपासला, पुढच्या दिव्यांच्या टोप्या सोडवून पाहिल्या. पावसाचे पाणी त्याच्या पाठीवरून वाहत होते. अर्धा तास गेला. नातू आमच्या शेजारी छत्री धरून उभा होता. त्याने एकदा आमच्याकडे पाहिले, तोंड उघडले आणि पुन्हा मिटले. मोठ्यांच्या बोलण्यात बोलू नये, ही शिकवण आम्हीच त्याला दर रविवारी धर्मशिक्षणाच्या वर्गात देतो. त्या मुलाचे ते गप्प राहणे आम्हांस सोसवेना. दर शनिवारी आम्ही जाळीआड बसून लोकांची पापे ऐकतो, आडून बोलणाऱ्यास सरळ बोलावयास सांगतो. आणि येथे एका वायरीपायी आमचीच जीभ आडून बोलली!

आम्ही वाकून त्या तरुणास म्हणालो, "भाऊ, ते धुक्याचे दिवे मी स्वतः जोडले. लाल फ्यूज उडत होता म्हणून हिरवा घातला. आधीच सांगायला हवं होतं. माझं चुकलं."

तो क्षणभर थांबला. मग हसून म्हणाला, "साहेब, हे आधी सांगितलं असतं तर अर्धा तास वाचला असता. सगळेच म्हणतात, आपोआप झालं. वायर आपोआप कधी पिळली जात नाही."

पुढे दहा मिनिटांत दोष सापडला. आमचा पिळलेला जोड सैल होऊन तापला होता. त्या तापाने शेजारच्या वायरांचे आवरण वितळले, उघड्या तारा पत्र्याला लागल्या. पुढच्या मोठ्या दिव्यांचे फ्यूज मूळचेच होते. ते आपले काम करून उडाले, म्हणून तेथील ज्वाला टळली. तीस अँपिअरचा हिरवा फ्यूज मात्र शाबूत होता. वायर जळत असता तो स्वस्थ पाहत बसला होता. मेकॅनिकने नवे दिवे तोडून अलग केले, होरपळलेल्या वायरा छाटून नीट जोडल्या, योग्य फ्यूज घातले. मोठे दिवे लागले. त्या गृहस्थांचे आभार मानून आम्ही त्या तरुणाच्या मोटारसायकलमागे हळूहळू खानवेलला पोचलो व रात्री तेथेच मुक्काम केला.

सकाळी त्याच्या पत्र्याच्या दुकानात त्याने दिव्यांची जोडणी पुन्हा रीतसर केली आणि नातवाला सारे समजावूनही सांगितले. ते आम्ही वाचकांसाठी येथे देतो, कारण आपल्या गावांत मोटारी, टेम्पो व रिक्षा आता घरोघरी आहेत.

मोटारीची बॅटरी बारा व्होल्टची असते. पंचावन्न वॅटचे दोन दिवे म्हणजे एकशे दहा वॅट. त्यांना सुमारे नऊ अँपिअर प्रवाह लागतो. छोट्या दिव्यांचा दोन-तीन अँपिअरचा भार त्याच वायरीवर आधीपासून असतो. दोहोंची बेरीज दहाच्या वर जाते, म्हणून लाल फ्यूज उडत होता. तो बिघाड नव्हता, ती सूचना होती. फ्यूज हा वायरीहून दुबळा मुद्दाम ठेवलेला असतो, कारण काही तुटायचेच असेल तर चार-दोन रुपयांचा तुकडा तुटावा, गाडी जळू नये. जाड फ्यूज घातला की सर्वांत दुबळी वस्तू वायर ठरते, आणि वायर तुटत नाही, ती पेटते.

खरी रीत अशी, की बॅटरीवरून स्वतंत्र जाड वायर आणावी, बॅटरीच्या अगदी जवळ तिला स्वतःचा फ्यूज द्यावा, आणि मध्ये रिले बसवावा. रिले म्हणजे बटणाच्या अगदी थोड्या प्रवाहावर चालणारा दणकट स्विच. दिव्यांचा सारा भार तो वाहतो, बटणावर व जुन्या वायरीवर येऊ देत नाही. जोड नुसता पिळू नये, पक्का करावा. पत्र्याच्या भोकातून वायर न्यायची तर तेथे रबरी कडे घालावे. काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीची ऋण तार सोडवावी. जळका वास आला तर वाट न पाहता गाडी बाजूस घ्यावी, बंद करावी व माणसे प्रथम उतरवावी. बॉनेटमधून धूर निघत असेल तर ते एकदम सताड उघडू नये, कारण वारा लागून आग भडकते.

घरातही हेच. फ्यूज वारंवार उडतो म्हणून त्यात तांब्याची जाड तार गुंडाळणारे, नाताळात एका सॉकेटवर दहा माळा लावणारे बंधू आपल्यात थोडे नाहीत. त्यांनी आमच्या हिरव्या फ्यूजची आठवण ठेवावी.

त्या तरुणाने ठरलेली मजुरी घेतली. वर ठेवलेली नोट त्याने परत केली व म्हणाला, "पाड्यावरच्या काकांना काहीतरी न्या. त्यांनी तुमच्यासाठी चूल पेटवली." जाऊन आम्ही चहा-साखर दिली, तर त्यांनी उलट काकड्यांची पिशवी गाडीत ठेवली!

परतीच्या वाटेवर साकरतोडच्या पुलापाशी गुरुजींनी गाडी थांबवावयास सांगितली. ऊन पडले होते. ते म्हणाले, "सत्तर वर्षांनी हा मुलूख पाहिला. डोळे निवले." मग थोडे थांबून म्हणाले, "आणि फादर, काल रात्री तुम्ही त्या पोराला खरं सांगितलंत ना, ते माझ्या नातवाने पाहिलं. फार बरं झालं."

आम्ही काही बोललो नाही. तो हिरवा फ्यूज आम्ही टाकून दिलेला नाही. आमच्या मेजाच्या खणात, जेथे रोज हात जातो, तेथे ठेवला आहे.