पन्नासपैकी एकतीस

काल रात्री लेस्टरहून भाच्याचा फोन. "मामा, पास झालो!"

मला वाटलं एखादा राहिलेला पेपर निघाला. तर नाही, ड्रायव्हिंग टेस्ट. आणि तीही तिसऱ्या झटक्यात.

हा तोच भाचा, जो चार वर्षं दाजींची बोलेरो चालवायचा. ऊसाच्या सीझनमध्ये ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या रांगेतनं गाडी अशी काढायचा की बघणाऱ्यानं म्हणावं, पोरगं तयार आहे. त्याला इंग्लंडमध्ये दोनदा नापास केलं. मी आधी हसलो. मग त्यानं सगळं सविस्तर सांगितलं, तेव्हा हसू गेलं. आपल्या तालुक्यातली बरीच पोरं आता बाहेर निघालीत, म्हणून लिहितोय. पण खरं कारण वेगळं आहे, ते शेवटी येईलच.

जाताना त्यानं "इंटरनॅशनल लायसन" काढलं होतं. पासपोर्ट, व्हिसा, चालू लायसन, फॉर्म ४-अ आणि हजार रुपये फी. पुष्कळांना वाटतं की हे हातात आलं म्हणजे जगात कुठंही गाडी हाकायला मोकळे. तसं नाही. तो एक वर्ष मुदतीचा परवाना असतो, आणि मूळ लायसन जवळ असेल तरच त्याला अर्थ. तिकडं राहायला गेलात की त्या त्या देशाचा नियम लागू. जर्मनीत आपलं लायसन सहा महिने चालतं. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्समध्ये बारा महिने. काही देशांची लायसन्स ब्रिटन परीक्षेशिवाय बदलून देतं, त्या यादीत भारत नाही. म्हणजे वर्ष संपायच्या आत पहिल्यापासून परीक्षा द्यायची.

आधी ३४ पौंड भरून प्रोव्हिजनल, म्हणजे शिकाऊ लायसन. मग २३ पौंडांची लेखी परीक्षा: ५० प्रश्न, ५७ मिनिटं, त्यातले ४३ बरोबर यायलाच हवेत. त्यालाच जोडून व्हिडिओ दाखवतात. रस्ता पुढं सरकत असतो आणि धोका तयार होताना दिसला की क्लिक करायचं. चेंडू रस्त्यावर आला, तर मागं पोरगं येणार हे आधी ओळखायचं. ७५ पैकी ४४ गुण लागतात. मग प्रत्यक्ष टेस्ट, ६२ पौंड. सुरुवातीलाच २० मीटरवरच्या गाडीची नंबरप्लेट वाचायला लावतात. वाचता आली नाही तर तिथंच नापास. पुढं चाळीसेक मिनिटं खऱ्या रहदारीत. किरकोळ चुका पंधरापर्यंत माफ. गंभीर चूक एकही नाही.

भाचा पहिल्यांदा गेला तो गोल चौकात. उजवीकडनं गाडी येत होती, यानं आपल्या सवयीप्रमाणे नाक घातलं. त्या गाडीवाल्यानं ब्रेक मारला. ना धडक, ना शिवीगाळ, साधा हॉर्नसुद्धा नाही. याला वाटलं मस्त निघालो. परीक्षक शेवटी शांतपणे म्हणाला, तुमच्यामुळं दुसऱ्याला ब्रेक मारावा लागला. नापास.

दुसऱ्यांदा झेब्रा क्रॉसिंग. एक बाई बाबागाडी घेऊन कडेला उभी होती. रस्त्यावर पाऊलही टाकलं नव्हतं. हा निघून गेला. नापास.

दर वेळी नवी तारीख मिळायला चार-पाच महिने. त्यात बारा महिने उलटले, आणि बोलेरोवाला पठ्ठ्या गाडीला लाल 'एल' लावून, शेजारी तीन वर्षं जुना लायसनधारक बसवून चालवायला लागला. तिथं बसणारा मित्र नगरचा, म्हणजे चेष्टा किती झाली असेल बघा.

पास झाल्यावरही सुटका नाही. पहिल्या दोन वर्षांत सहा पेनल्टी पॉइंट झाले की लायसन रद्द, परत शिकाऊपासून सुरुवात. आणि गाडी चालवताना मोबाइल हातात घेतला तर एका फटक्यात सहा पॉइंट, वर २०० पौंड दंड.

मी म्हटलं, एवढं काय असतं रे त्या पेपरात? त्यानं सरावाचा पेपर पाठवला. वीस वर्षं पत्रकारिता, तेवढीच वर्षं ड्रायव्हिंग. बसलो सोडवायला. पन्नासपैकी एकतीस. मी नापास.

एक प्रश्न डोक्यातनं जात नाही. ताशी साधारण ४८ किलोमीटर वेगानं चाललेली गाडी पूर्ण थांबायला किती अंतर लागतं? मी लिहिलं दहा मीटर. उत्तर २३ मीटर. म्हणजे दोन एसटी एकामागं एक उभ्या करा, एवढं. वेग दुप्पट केला तर अंतर दुप्पट नाही, ७३ मीटर होतं.

गेल्या महिन्यात आमच्या स्टँडसमोर पिकअपनं एका आजीला उडवलं. तिथं झेब्राचे पट्टे आहेत, म्हणजे होते कधीतरी. बातमी मीच दिली. "चालकाचे वाहनावरील नियंत्रण सुटल्याने." हे वाक्य मी आयुष्यात किती वेळा टाइप केलंय, मोजदाद नाही. पण चालकाला नियंत्रण येत होतं का, लायसन त्यानं कसं काढलं, हे वीस वर्षांत एकदाही विचारलं नाही.

कारण विचारलं असतं तर पहिलं उत्तर मलाच द्यावं लागलं असतं.

माझं लायसन कॅम्पमध्ये निघालं. एजंटच्या मोटरसायकलवर आठचा आकडा काढला, तोही पाय टेकवत. चारचाकीचा तर स्टार्टरही मारला नाही. साहेबांनी फाइलवरनं नजर न काढता विचारलं, "फोर व्हीलर येते ना?" मी म्हटलं, "हो साहेब." झालं लायसन! गाडी मी नंतर शिकलो. रस्त्यावर. तुमच्या जिवावर.

२०२२ साली भारतात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली. ग्रेट ब्रिटनमध्ये १,७११. तुम्ही म्हणाल, आपली लोकसंख्या किती! बरोबर, साधारण एकवीस पट. त्या हिशोबानं आपल्याकडं छत्तीसेक हजार व्हायला हवे होते. सगळा दोष लायसनचा नाही, रस्ते आहेत, ट्रॉमा सेंटरची बोंब आहे, मान्य. पण पादचाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, हे आपल्याही २०१७ च्या नियमात लिहिलंय. त्यांच्याकडं ते मोडलं की माणूस परीक्षेत नापास होतो. आपल्याकडं परीक्षाच होत नाही, म्हणून आजी जाते.

आता खरं कारण. लेक पुढच्या महिन्यात अठरा पूर्ण करते. परवा एजंटचा मेसेज आला, "भाऊ, ताईचं आधार पाठवा, बाकी मी बघतो. तुम्ही आपलेच." दोन दिवस मी उत्तर दिलं नव्हतं. खोटं कशाला बोलू, सोय वाटत होती.

काल फोन ठेवल्यावर उत्तर दिलं. नको. ती शिकेल, स्वतः टेस्ट देईल, नापास झाली तर परत देईल. बायको म्हणाली, "हेलपाटे तुम्ही घालणार का?" घालीन. तोवर मी पण त्या पेपराचा सराव करतोय. आज सकाळी अडतीस आले. अजून पाच कमी आहेत.

तुमच्या लायसनच्या वेळी तुम्ही खरंच गाडी चालवली होती का? कॉमेंटमध्ये खरं लिहा. सुरुवात मी केलीय.