सोडतीतलं मचाण

अमेरिकेच्या मेन राज्यात मूस नावाचं मोठं हरीण मारायचा परवाना सोडतीने मिळतो. १९८० साली ७०० परवान्यांवर ही पद्धत सुरू झाली. आधी अर्ज करायचा. जूनच्या सुमाराला नावं निघतात, आणि ज्याचं निघालं त्याला जंगलाचा विभाग आणि शिकारीचा आठवडा हे दोन्ही ठरवूनच मिळतं. नाव नाही निघालं तर खात्यावर गुण जमा होतो, म्हणजे पुढच्या वर्षी आशा थोडी वाढते. माझा भाचा तिकडेच शेजारच्या राज्यात नोकरीला आहे. त्याच्या ऑफिसातला एक गृहस्थ वर्षानुवर्षं असे गुण साठवत बसलाय, हे त्याने फोनवर हसत सांगितलं. मला हसू आलं नाही. म्हाडाच्या सोडतीत केस पिकवलेली माणसं आपल्याकडे काय कमी आहेत? आणि मी स्वतः रायपुरात बसून दर उन्हाळ्यात एका चिठ्ठीची वाट बघतो. फरक इतकाच की माझ्या चिठ्ठीत बंदूक नसते.

बंदूक होती तो काळही आमच्या शहराला चांगला माहीत आहे. मध्य प्रांतात राखीव जंगलाचे शिकारीसाठी ब्लॉक पाडलेले असत. एका ब्लॉकचा परवाना एका वेळी एकाच मंडळीला, तोही ठरावीक दिवसांपुरता. कोणतं जनावर मारायचं, किती मारायची, हे कागदावरच लिहिलेलं असे. विद्याचरण शुक्ल रायपूरचे. १९५७ साली ते लोकसभेवर गेले, पण त्याआधी त्यांनी ‘ऑल्विन कूपर’ नावाची कंपनी काढली होती आणि तिचा धंदा होता मध्य भारतातल्या जंगलांत शिकारीच्या आणि छायाचित्रणाच्या सफरी घडवणं. आमच्या तात्यापाऱ्यातल्या जुन्या बैठकांत त्या सफरींच्या गोष्टी निघत. सांगणाऱ्याने बंदूक हातात धरली होती की नाही हे विचारायची पद्धत नव्हती. पुढे १९७२ चा वन्यजीव कायदा आला. काही प्राण्यांपुरती परवान्याची सोय त्यातही शिल्लक होती, ती १९९१ च्या दुरुस्तीने गेली. आमच्या छत्तीसगडच्या उत्तरेला कोरिया संस्थानच्या महाराजांनी १९४७ साली तीन चित्ते मारले आणि त्यानंतर देशातल्या मूळ चित्त्याची खात्रीची नोंद राहिली नाही. आमचा राज्यप्राणी रानम्हैस. तिची उदंतीतली गत अशी की १९९० नंतरच्या दशकांत ती बोटांवर मोजण्याइतकीच उरली, आणि शेवटी आसामच्या मानसमधून म्हशी आणून बारनवापाऱ्यात ठेवाव्या लागल्या. तेव्हा परवाने बंद झाले याचं मला तरी दुःख नाही.

पण शिकाऱ्याकडे एक विद्या होती, आणि ती बंदुकीबरोबर अडगळीत जाऊ नये असं मला वाटतं. परवान्याने जी जागा दिली ती वाचायची, मग जनावराच्या वाटेत बसायचं. वैशाख पौर्णिमेला महाराष्ट्राच्या जंगलांत पाणवठ्यांवरच्या मचाणांवर हौशी लोकांना रात्रभर बसवतात, त्यात ही विद्या अजून कामाला येते. पूर्वी याला सरळ पाणवठ्यावरची गणना म्हणत. आता ‘निसर्गानुभव’ म्हणतात, आणि ते प्रामाणिक आहे. वाघांचा देशव्यापी अंदाज २००६ पासून कॅमेरा ट्रॅप आणि ठरावीक रेषांवरच्या पाहणीतून दर चार वर्षांनी काढतात. एका रात्रीच्या नोंदींवर कुणी आकडा बांधत नाही. एकच कळप दोन पाणवठ्यांवर दोनदा मोजला जातो. आदल्या दिवशी अवकाळी पाऊस पडला तर जनावरं पाणवठ्याकडे फिरकतही नाहीत.

आम्ही जातो ते बहुधा नागझिऱ्याला. रायपूरहून राजनांदगाव, देवरी करत साकोलीला उतरायचं, तिथून आत. अभयारण्य १९७० चं, २०१३ पासून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा भाग. व्यंकटेश माडगूळकरांनी त्यावर अख्खं पुस्तक लिहिल्यामुळे मराठी माणूस तिथे आधीच अर्धा ओळखीचा होऊन येतो, आणि ओळखीच्या घरी गेल्यासारख्या अपेक्षाही घेऊन येतो. मचाणांच्या चिठ्ठ्या निघतात तेव्हा बघावं. ज्या पाणवठ्यावर आठवडाभर वाघीण पाणी प्यायला येतेय अशी बातमी असते, त्याचं नाव उच्चारलं की सगळ्या माना वर. ते कुणा नवख्याला लागतं. बाकीचे ‘असू दे’ म्हणतात, पण त्या ‘असू दे’मध्ये काही खरं नसतं. काही जण अदलाबदलीच्या खटपटीला लागतात, साहेबांच्या मागे मागे फिरतात. मला अदलाबदल आवडत नाही. यात तत्त्वाचा भाग थोडा, व्यवहाराचाच जास्त. दुपारी चारच्या आत मचाणावर चढायचं असतं, आणि जागा समजून घ्यायला जो वेळ हवा तो या धावपळीत जातो.

जागा समजून घेणं म्हणजे काय, तर सर्वांत आधी चंद्र. वैशाखात सूर्य उत्तरेकडे सरकलेला असतो, म्हणून त्याच्या समोरचा पौर्णिमेचा चंद्र दक्षिणेच्या बाजूने जातो. मध्यरात्रीसुद्धा तो आपल्या डोक्यावर येत नाही, दक्षिणेला कललेलाच राहतो. मचाण पाण्याच्या दक्षिण काठावर असेल तर चंद्र आपल्या पाठीशी आणि पलीकडच्या काठावरचं जनावर उजेडात. रंगसुद्धा थोडा कळतो. मचाण उत्तर काठावर असेल तर पाणी चमकतं आणि जनावर नुसतं काळं उभं राहतं. अशा जागी बसलेला माणूस रंग शोधत बसला तर रात्र वाया गेली समजा. तिथे फक्त बाह्यरेषा बघायची: शिंगांचा बाक, पाठीचा उंचवटा, शेपटीची ठेवण. सांबर की नीलगाय, हे त्यावरून नक्की सांगता येतं. आणि एक वेळ दोन्ही काठांवर सारखीच वाईट असते. संधिप्रकाश संपलेला असतो आणि चंद्र अजून झाडांच्या वर आलेला नसतो, सव्वासात ते साडेआठच्या आसपास. जनावरांना ती वेळ फार आवडते. तेवढा वेळ डोळे गुंडाळून ठेवायचे आणि कानांनी काम करायचं.

दुसरा वारा. दुपारी पश्चिमेची झळ असते, ती सूर्य बुडताना पडते. नवख्याला वाटतं वारा थांबला. तो थांबत नाही. टेकडीच्या उतारावरची हवा गार होऊन नाल्याच्या अंगाने खाली सरकू लागते, इतकी हळू की गालाला कळत नाही. म्हणून चढण्याआधी नाला कुठून कुठे वाहतो ते बघून ठेवायचं. आपण वरच्या अंगाला असलो तर रात्रभर आपला वास खालून येणाऱ्या प्रत्येक जनावराच्या नाकात जाणार. मचाणाच्या उंचीमुळे थोडं निभावतं, पण भरवसा ठेवू नये. मी चिमूटभर चाळलेली राख पुडीत घेऊन जातो आणि अधूनमधून सोडून बघतो. सोबतच्या वनमजुराला मात्र राख लागत नाही. एकदा त्याने नुसती मान वळवली, म्हणाला, “वारा पलटला जी, आता बोलू नका.” मी पुडी उघडून पाहिली, पलटला होता.

बाकीची तयारी घरगुती आहे. चिवडा आणि वेफर न्यायचे नाहीत. पाकिटाचा आवाज जंगलात फर्लांगभर जातो. दशम्या, गूळ, खडीसाखर पुरते. पातळ प्लॅस्टिकची बाटली दाबली की कडकडते, तेव्हा जाड बाटली घेऊन तिला जुना पंचा गुंडाळावा. डासांचं मलम नको, त्याचा वास आपल्या घामापेक्षा वेगळा आणि उग्र. बाह्या लांब ठेवाव्यात आणि थोडं सोसावं. रात्री लघवीचं काय, हा विषय लेखात कुणी काढत नाही, पण मचाणावर तोच पहिला निघतो. उत्तर असं की रुंद तोंडाची झाकणाची बाटली न्यायची आणि दुपारनंतर चहा प्यायचा नाही. नोंदवहीत लिहायला पेन नको, शिसपेन्सिल घ्यावी. घामाने शाई पसरते.

आता मोजणं. एके वर्षी मला मिळालेला पाणवठा बशीएवढा, सौरपंपावर भरणारा. त्याचा कुणी हेवा करावा असं काही नव्हतं. ऊन उतरलं तसे उत्तरेच्या बांबूतून गवे आले. आधी एक म्हातारी गाय. ती उघड्यावर आली आणि काठापासून पंधरा-वीस पावलांवर थांबली. मान खाली, नाक वर. तिच्या ओल्या नाकपुड्या दुर्बिणीत उघडमीट करताना दिसत होत्या. बाकीचा कळप मागे बांबूत तसाच उभा, एक फांदी मोडली नाही. तिने किती वेळ घेतला ते मी घड्याळात बघितलं नाही, कारण त्या वेळी मनगट हलवणं शक्य नव्हतं. मग तिने पाय पुढे टाकला आणि सगळे आले. गवा पाणी पिताना खळखळ करत नाही. ओठ पाण्याला लावतो आणि गळ्याखालून एकेक घोट सरकताना दिसतो. वासरं सोनेरी तांबूस, गाई तपकिरी, सगळ्यांचे गुडघ्याखालचे पाय पांढरे.

इथेच हिशेब चुकतात. मोठा नर काळा असतो आणि पाठीवरचा उंचवटा मध्येच तुटल्यासारखा संपतो, तो कुणालाही ओळखता येतो. तरुण नर मात्र गाईसारखाच तपकिरी असतो, आणि घाईत तो गाय म्हणून कागदावर जातो. त्याच्या शिंगांचं मूळ बघावं. नराचं शिंग मुळाशी जाड, गाईचं बारीक आणि टोकाला जास्त आत वळलेलं. म्हणून मी आधी वासरं मोजतो, मग शिंगांची मुळं बघत एकेक, आणि शेवटी पुन्हा एकूण. दोन बेरजा जुळल्या नाहीत तर दोन्ही लिहितो. कळप कोणत्या बाजूने आला, कधी आला, कोणत्या बाजूला गेला, हेही लिहायचंच. त्याशिवाय पहाटे आलेला कळप तोच की दुसरा, हे पलीकडच्या मचाणावरच्या कागदाशी ताडून बघता येत नाही. जुन्या शिकाऱ्याला गोळी झाडण्याआधी नर-मादी, वय नक्की करावं लागे, नाहीतर परवान्याबाहेरचं जनावर पडलं की जाब द्यावा लागे. आमच्या चुकीने कुणी मरत नाही. म्हणूनच आम्ही सैल पडतो, असं माझं मत आहे.

मेनमध्ये मूस मारला की काम संपत नाही. नोंदणीच्या ठिकाणी न्यावा लागतो, आणि वय काढण्यासाठी त्याचा एक दात खात्याला द्यावा लागतो. शिकाऱ्याला मांस मिळतं, खात्याला माहिती. आमच्याकडे दाताच्या जागी एक तक्ता असतो: वेळ, प्राणी, नर, मादी, पिल्लू, शेरा. सकाळी खाली उतरल्यावर तो वनरक्षकाच्या हातात द्यायचा. वाघ दिसलेले तो मिरवत देतात. काहीच न दिसलेले कोपऱ्यात घडी घालून देतात, आणि पुष्कळदा त्यावर तिरकी रेघ मारून ‘निरंक’ एवढंच लिहिलेलं असतं. मला त्या तिरक्या रेघेचा राग येतो. रात्रभर जागून माणसाने एक रेघ आणावी? चितळाचा इशारा ऐकला असेल. सांबर पाय आपटून ओरडलं असेल. लंगूर खोकरला असेल. पाणी किती बोटं खाली गेलं, वारा कधी पलटला, एवढं तरी लिहिता येतंच. काही न येणं हीसुद्धा त्या पाणवठ्याची बातमी आहे. शेजारचा नाला अजून वाहतोय, किंवा कुणी तिथे दिवसा सरपण तोडत होतं, हे खात्याला त्यावरूनच कळतं.

हल्ली ठिकठिकाणी ऑनलाइन नोंदणी आली आहे. आधी येईल त्याला जागा, आणि शुल्कही बरंच. त्यापेक्षा मला चिठ्ठीच बरी वाटते. वेगवान इंटरनेट असलेल्या माणसाला जंगलाची जास्त ओढ असते असं मानायला आधार नाही. आणि मेनवाल्यांसारखे गुण द्यायचेच असतील तर नशीब हुकलेल्याला देऊन काय उपयोग? ते तक्ता बघून द्यावेत. जो रिकाम्या रात्रीचं पानभर लिहून देतो, त्याला पुढच्या वर्षी सोडतीशिवाय मचाण द्यावं. एका वनाधिकाऱ्यांना मी हे सुचवलं होतं. ते म्हणाले, “मग वाघिणीच्या पाणवठ्यावर कोण बसणार?” मी म्हटलं, त्याला अर्जांची वाण नाही. आम्हाला तो सौरपंपाचाच द्या.