न्यायालयाचा उभा छेद

जुन्या इमारतींच्या जतनाचं काम करताना मी आधी सेक्शन, म्हणजे इमारत उभी कापल्यासारखं रेखाचित्र, काढतो. दर्शनी भाग रुबाब सांगतो. आतल्या माणसाला उजेड आणि हवा कुठून मिळते, हे उभा छेद घेतला की कळतं. अमेरिकेतल्या पिट्सबर्गचं ॲलेगेनी काउंटी न्यायालय मला प्रिय आहे ते त्याच्या छेदामुळे.

आधीचं न्यायालय १८८२ मध्ये जळालं. नव्याचं काम स्पर्धेतून हेन्री हॉबसन रिचर्डसन यांना मिळालं. १८८६ मध्ये ते वारले. त्यांच्यामागे सहकाऱ्यांनी १८८८ मध्ये इमारत पुरी केली. पोलादाच्या त्या शहरात हवा कोळशाच्या धुराने भरलेली असे. रिचर्डसन यांनी मधोमध ऐसपैस चौक सोडला आणि दालनं त्याच्याभोवती बसवली. ताजी हवा समोरच्या उंच मनोऱ्यातून, काजळीच्या वरून आत घ्यायची, अशी योजना केली. म्हणजे शहरावर उठून दिसणारा मनोरा इमारतीचं नाक होता.

चौकातल्या भिंती जवळून पाहाव्यात. ग्रॅनाइटचा दर्शनी पृष्ठभाग मुद्दाम खडबडीत ठेवलाय, नक्षी अगदी मोजकी. कमानींचे लांबट, पाचरीसारखे दगड एकमेकांना दाबून वरचा भार बाजूला सारतात, आणि तो भार पेलणंच तिथलं सौंदर्य झालंय. आत मुख्य जिन्यापाशी बुटके, दणकट खांब आहेत. एका कमानीतून दुसरी कमान, तिच्यातून वर जाणाऱ्या पायऱ्या दिसतात. कुठे जायचं ते पाटी न वाचताच समजतं.

पुढे १९१३ च्या सुमारास समोरच्या ग्रँट स्ट्रीटची टेकडी कापून रस्ता खाली नेला. मूळचं प्रवेशद्वार अधांतरी राहिलं. बाहेरून जिना जोडला, तोही रस्ता रुंद करताना गेला. तेव्हापासून लोक मूळच्या तळघराच्या पातळीवरून आत शिरतात. दगड शाबूत राहिले, पण उंच दारातून थेट भव्य जिन्याकडे येण्याचा क्रम कायमचा तुटला.

असं नुकसान आतूनही होतं. जुन्या न्यायालयांत जागा कमी पडली की पहिली कुऱ्हाड उंचीवर पडते: खोटं छत, पोटमाळा, बुजवलेली खिडकी. बाहेरून काहीच बिघडलेलं दिसत नाही. पण न्यायालयात येणाऱ्याचा बराचसा वेळ तारखेची वाट पाहण्यात जातो, आणि त्या वेळी त्याला हवा असतो उजेड, मोकळी हवा आणि डोक्यावर उंची. म्हणून जतनाच्या प्रस्तावात दर्शनी भागाच्या आधी चौक, जिने आणि दालनांची उंची लिहिली गेली पाहिजे.