दोन दिनार, दुसऱ्या दिवशी

चि. दादू यास,


तुझं पत्र काल आलं आणि रात्रभर डोक्यातून गेलं नाही, म्हणून सकाळीच लिहायला बसले. मंडळीतल्या आजाऱ्यांच्या भेटीला जायच्या यादीतून तू आपलं नाव काढून घेतलंस आणि त्याऐवजी दशांशावर जास्तीची रक्कम पाठवू लागलास. वर विचारतोस, आत्या, यात चुकलं काय, त्या पैशांत औषधं तरी येतील. येतील रे. तुझा हात सढळ आहे, तो आजोबांवर गेलाय, याचं मला समाधानच आहे. पण पैसे भरून पाळी चुकवता येते, हे तुला कुणी शिकवलं? आपल्या घरात तर नक्की नाही.

चांगल्या शोमरोन्याचा दाखला तुला पाठ आहे. आता त्यातला क्रम बघ. लुटारूंनी अर्धमेला करून टाकलेल्या माणसापाशी तो वाटेत थांबला. जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतून त्या बांधल्या. त्या माणसाला आपल्या जनावरावर बसवलं, म्हणजे स्वतः पायी चालला असणार. उतारशाळेत नेऊन त्याची काळजी घेतली. दोन दिनार निघाले ते दुसऱ्या दिवशी. द्राक्षमळ्यातल्या मजुरांच्या दाखल्यावरून कळतं की दिनार म्हणजे एका दिवसाची मजुरी, तेव्हा रक्कम किरकोळ नव्हती. शिवाय जास्तीचा खर्च परतताना भरीन असंही तो सांगून गेला. प्रभूनं पैशाला कमी लेखलेलं नाही. पण तेच दिनार शोमरोन्यानं जनावरावर बसल्या बसल्या रस्त्यात टाकले असते, तर त्या अर्धमेल्याला त्यांचा काय उपयोग होता? आणि मत्तयाच्या २५व्या अध्यायातल्या सहा गोष्टी आठव: अन्न, पाणी, आसरा, वस्त्र, आजाऱ्याचा समाचार, तुरुंगातल्याची भेट. पहिल्या चार एक वेळ पैसे देऊन दुसऱ्याकडून करवून घेता येतील. शेवटच्या दोन्हींना आपलेच पाय लागतात, आणि तू नेमकी त्यांतलीच एक खोडलीस.

तू म्हणशील, पैशावाचून दवाखाना चालत नाही, शाळा चालत नाही. कबूल. उघड्या-उपाशी भावाला नुसत्या गोड शब्दांनी वाटेला लावण्यावर याकोबानं किती कडक लिहिलंय! पण पंडिता रमाबाईंचं बघ (लहानपणी तुला याचा कंटाळा यायचा, तरी ऐक). बॉस्टनच्या मंडळानं दहा वर्षं पैसे पुरवायचं वचन दिलं, त्या बळावर त्यांनी १८८९ साली विधवांसाठी शारदा सदन उघडलं. तो पैसा नसता तर सदन नसतं. तरीही १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतात पोरी उपाशी मरत होत्या, तेव्हा तिथं गेल्या त्या बाई स्वतः. आईवडील आणि बहीण आधीच्या दुष्काळातच गमावलेली ती बाई शेकडो मुली घेऊन आली आणि केडगावला त्यांचं घर झालं. खंगलेल्या पोरींना न्हाऊ घालायचं, भरवायचं, रात्री दचकून उठल्या की जवळ घ्यायचं, अक्षर शिकवायचं. ही कामं बॉस्टनहून कशी होणार? पुढं त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, कमी शिकलेल्या बाईलाही समजेल अशा मराठीत बायबल उतरवू लागल्या, आणि १९२२ साली डोळे मिटेपर्यंत त्यातच होत्या. ज्यांच्या संस्कृतापुढं कलकत्त्याचे पंडित थक्क झाले, त्यांनी आपली सगळी विद्या चुलीपाशी बसलेल्या बाईसाठी खर्चली. हे दान नाही तर काय? त्याची पावती मात्र कुणी फाडत नाही.

वेळ नाही, ही तुझी दुसरी अडचण मी हलकी मानत नाही. तुझी नोकरी कशी आहे ते मला माहीत आहे. पण श्रीमंतांनी भरपुरीतून दान टाकलं आणि गरीब विधवेनं टंचाईतून दोन टोल्या, दोन चिमुकली नाणी; तो हिशेब तुझ्या बाबतीत कसा मांडायचा, सांग. तुझ्याकडे पैसा पुरून उरतो, म्हणजे तो तुझ्या भरपुरीतून गेला. टंचाई आहे ती वेळेची. मग तुझ्या दोन टोल्या तिथंच असणार ना? मासेदोनियाच्या गरीब मंडळ्यांची वर्गणी आली तेव्हा पौलानंही हेच नोंदवलं, की त्यांनी अगोदर स्वतःला दिलं. आणि आजाऱ्यापाशी जाऊन बोलू काय, असं विचारू नकोस. ईयोबाचे मित्र त्याच्या दुःखात सात दिवस त्याच्यापाशी गप्प बसून होते, तोवर त्यांचं बरोबर होतं.

एवढं लिहिलं आणि आता तुझ्या पत्राची शेवटची ओळ पुन्हा वाचते आहे. आठ दिवस ताप होता, कुणाला कळवलं नाही, उगाच कुणाला त्रास नको. दादू, हे वाचून माझा राग कुठल्या कुठं गेला. पेज कुणी करून दिली तुला? पाळकसाहेबांनाही सांगितलं नाहीस? कुणाच्या दारी जायचं नाही आणि कुणाला आपल्या दारी येऊ द्यायचं नाही, असं तर तू ठरवलेलं नाहीस ना? खोकला अजून आहे का, रात्री अंगावर घाम येतो का, ते खरं खरं कळव. नाहीतर शुक्रवारच्या गाडीनं मीच येते.

तुझी
आत्या