दहा वाजेपर्यंत दुमडलेले बाक

मंगळवार, ४ नोव्हेंबर २०२५
निशी-कसाई, तोक्यो

काल इथे सुट्टी होती, त्यामुळे गर्दी दिसली नव्हती. आज सकाळी लेकीला सोडायला स्टेशनपर्यंत गेले. आठ-सव्वाआठची वेळ. निशी-कसाईचं स्टेशन पुलावर आहे. तोझाई लाइनची गाडी इथून निघाली की अराकावा नदी ओलांडते आणि पलीकडे जमिनीच्या पोटात शिरते. लेकीचं ऑफिस ओतेमाचीला, म्हणजे वाट जेमतेम पाव तासाची. पण त्या पाव तासात किबा ते मोन्झेन-नाकाचो हा टप्पा येतो. कोविडच्या आधी लागोपाठ काही वर्षं जपानातला सगळ्यांत गर्दीचा टप्पा म्हणून याचंच नाव यायचं. आकडा होता १९९ टक्के.

या टक्क्यांचा हिशेब रात्री जावईबापूंनी समजावून सांगितला. प्रत्येकाला बसायला सीट, नाहीतर धरायला हँडल किंवा दारापाशी दांडा मिळाला, तर ते १०० टक्के. १५० टक्क्यांना वर्तमानपत्र उघडून वाचता येतं. १८० टक्क्यांना त्याची घडी घालावी लागते. २०० टक्क्यांना अंग दाबलं जातं, पण हातातलं साप्ताहिक कसंबसं वाचता येतं. २५० टक्क्यांना हात हलत नाही.

मी एकतीस वर्षं डोंबिवली ते सीएसएमटी केलं. आपल्याकडे रेल्वे ‘सुपर डेन्स क्रश लोड’ म्हणते, एका चौरस मीटरला १४ ते १६ माणसं. त्या गर्दीत वाचायचं काय, पदर सावरायलाही हात वर येत नसे. तरी आज फलाटावर उभी असताना पोटात कालवलं. लेकीला सातवा महिना आहे.

बुधवार, ५ नोव्हेंबर, त्रिपुरी पौर्णिमा

आज हट्टाने तिच्याबरोबर गाडीत चढले. गर्दी कोविडच्या आधीइतकी नाही म्हणतात. मला मात्र आपली आठ बावीसची फास्ट आठवली. फरक एवढाच, की इथे कुणी बोलत नाही.

लेकीच्या पर्सला गुलाबी बिल्ला लटकतो. त्यावर आई नि बाळाचं चित्र आणि ‘पोटात बाळ आहे’ अशा अर्थाचं वाक्य. सरकारने २००६ पासून हा बिल्ला सुरू केला, स्टेशनवर मागितला की फुकट मिळतो. पण बिल्ला कमरेशी असतो आणि गर्दीत माणसाला समोरच्याचा खांदा तेवढा दिसतो. गरजूंसाठी राखलेल्या सीटा डब्याच्या टोकाला, आणि आम्ही दारापाशी अडकलेल्या. मधली चार-पाच पावलं ओलांडता येईनात. मिनामी-सुनामाचीला आणखी माणसं आत आली तेव्हा लेकीने दोन्ही हात पोटाभोवती धरले. तोंडाने एक शब्द नाही.

मला राहवलं नाही. भाषा येत नाही, म्हणून मी तिची पर्स उचलून छातीपर्यंत वर धरली. बाजूच्या बाकावर डोळे मिटून बसलेल्या मुलीच्या शेजारणीला बिल्ला दिसला. तिने मुलीला कोपराने हलवलं. मुलगी दचकून उठली, वाकून माफी मागू लागली. माफी कसली? तिला दिसलंच नव्हतं.

मला माझा सातवा महिना आठवला. ठाण्याच्या पुढे एका बाईने काही न विचारता मांड्या सरकवून चौथी सीट करून दिली होती. तिघींच्या बाकावर चौथी म्हणजे अर्धी मांडी अधांतरी. पण त्या अर्ध्या मांडीवर मी दादरपर्यंत टिकले. तिचं नाव मला कधी कळलं नाही.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

खालच्या मजल्यावरचे आजोबा संध्याकाळी चहाला आले. वय ७८, नोकरी शिंजुकूला झाली. मी लोकलची गोष्ट काढली, तसे तेही खुलले. लेक दुभाषी.

यामानोते लाइन शहराच्या मधोमध गोल फिरते. १९९१ च्या डिसेंबरमध्ये तिच्या दहा डब्यांच्या गाड्यांना अकरावा डबा जोडला गेला. बाकीच्या डब्यांना एका बाजूला चार दारं, या डब्याला सहा. आणि सकाळी दहापर्यंत या डब्यातले सगळे बाक भिंतीला दुमडून ठेवलेले असत. दहा वाजले की ते उघडता येत. मग डबा पुन्हा बसायचा होई.

आजोबा म्हणाले, सुरुवातीला त्यांना बरं वाटलं. दारं जास्त, म्हणून चढणं-उतरणं पटकन होई, गाडी स्टेशनात खोळंबत नसे. मग एकदा ते अंगात ताप असताना ऑफिसला निघाले आणि घाईत त्याच डब्यात चढले. बाक पाठीला टेकला होता, पण दुमडलेला. ‘तेवढा वेळ मी बाकाला टेकून उभा होतो,’ असं म्हणून त्यांनी तळहात उभा करून भिंतीला टेकवला. त्यानंतर ते मुद्दाम शेजारच्या डब्याच्या रांगेत उभे राहू लागले.

ते डबे पुढे बंद झाले. २०१० पासून यामानोतेच्या फलाटांवर सुरक्षेची दारं बसू लागली. चार दारांच्या मापाने उभारलेल्या कठड्यापुढे सहा दारांचा डबा चालेना. २०११ पर्यंत सगळे बदलले. २०१५ साली उएनो-तोक्यो ही वेगळी लाइन सुरू झाली आणि यामानोतेच्या सगळ्यांत भरलेल्या टप्प्याचा भार हलका झाला. आजोबांचं म्हणणं, ‘बाक काढून आम्हाला काही वर्षं मिळाली. आराम मिळाला तो नव्या रुळांनी.’

रविवार, ९ नोव्हेंबर

शिवणाची टेप घेऊन घरातल्या खुर्चीवर मोजमाप केलं. बसलेल्या माणसाला रुंदी ४५ सेंटीमीटर लागते, आणि पाठीपासून पावलांच्या टोकापर्यंत सहज ८० सेंटीमीटर. तेवढ्या फरशीवर लेक आणि जावई दोघं उभे राहिले, जरा खेटून. म्हणजे एक बसलेला उठवला तर दोन उभे मावतात. बाक काढायला सांगणाऱ्यांचा हिशेब खोटा नाही.

हा हिशेब जगभर झाला आहे. ओसाकाजवळच्या केइहान रेल्वेने १९७० मध्ये एका बाजूला पाच दारांचा डबा काढला. गर्दीच्या वेळी पाचही दारं वापरात, आणि त्यांतल्या दोन दारांपुढचे बाक वर छताला उचललेले. गर्दी सरली की तीच दोन दारं बंद आणि बाक खाली उतरून त्यांच्यासमोर. हे डबे २०२१ पर्यंत धावले. न्यू यॉर्कने २०१७ च्या दुरुस्ती आराखड्यात एल लाइन आणि ४२व्या रस्त्याच्या शटलच्या काही डब्यांतून सीटा काढायचं ठरवलं. सोलने २०२४ च्या जानेवारीत ४ नंबरच्या लाइनवर एका गाडीच्या एका डब्यातले बाक काढून पाहिले.

मला केइहानवाल्यांचं पटलं. त्यांनी बाक काढून टाकला नाही, फक्त त्याची वेळ ठरवली. काढलेला बाक दुपारच्या आजीला परत मिळत नाही. दुमडलेला मिळतो.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

दहानंतर एकटीच गाडीत बसले. डबा निम्मा रिकामा. समोर एक बाई भाजीची पिशवी मांडीवर घेऊन डुलकी काढत होती.

आजची गाडी रुंद दारांची होती. जावईबापूंनी सांगितलं होतं म्हणून नीट पाहिली. एरवी दार १.३ मीटरचं असतं, या गाड्यांचं १.८ मीटरचं. अशा गाड्या तोझाईवर १९९१ पासून आहेत, २०१० पासून आणखी आल्या. एका बाजूला चार दारं, म्हणजे दोन मीटर लांबी बाकांतून कापली गेली. इथेही सीटा कमी झाल्याच. पण कापलेली जागा दाराला दिली, आणि गाडीला उशीर होतो तो दारापाशीच. दोघं शेजारी-शेजारी उतरू शकली की मागच्याला ढकलावं लागत नाही. सातव्या महिन्यातल्या बाईला तर हेच हवं असतं.

मिनामी-सुनामाचीला आणखी एक फलाट आणि आणखी एक रूळ घालायचं काम चालू आहे, म्हणजे एक गाडी उभी असतानाच मागची आत घेता येईल. चालत्या लाइनखाली, वर्षानुवर्षं चाललेलं काम. पण माणसांना उभं न करता गर्दी कमी करणारं हेच.

परतताना पुलावरून नदी दिसली आणि मुंब्रा आठवलं. ९ जूनला तिथल्या वळणावर दारात लटकलेली माणसं खाली पडली. त्यांतली काही घरी परत गेलीच नाहीत. त्यानंतर रेल्वेने नव्या लोकलना आपोआप बंद होणारी दारं देण्याचं जाहीर केलं. दारं बंद होणार म्हणजे आज बाहेर लोंबणारी माणसं आत येणार. मग आत जागा कुठली, हा प्रश्न येईल, आणि कुणीतरी बाकांकडे बोट दाखवेल.

त्याच रेल्वेने जुलैमध्ये माटुंग्याच्या कारखान्यात एका लोकलच्या मालडब्यात सीटा बसवून तो ज्येष्ठांसाठी केला. उभं राहायच्या डब्यात बाक आले. ही बातमी वाचून माझ्या गुडघ्यांना बरं वाटलं होतं.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

आज तपासणीला लेकीबरोबर गेले. डॉक्टरीणबाईंना प्रवासाचं सांगितलं. त्यांनी एका छापील कार्डावर दोन ओळी लिहून शिक्का मारला. असं कार्ड दिलं की गर्दी टाळण्यासाठी वेळ बदलून देणं कंपनीवर बंधनकारक आहे. कायदा तिला माहीत होता, मागायला संकोच वाटत होता. सोमवारपासून ती दहाच्या गाडीने जाईल.

एवढ्या दिवसांत मनात जे बसलं ते लिहून ठेवते. डोंबिवली-बदलापूरच्या गाडीचा नकाशा आखणाऱ्या कुणाच्या हाती ही वही पडली, तर त्यांनी एवढं करावं. डब्यात किती माणसं मावतात हे मोजताना, त्यांतल्या किती जणांना उभं राहवत नाही हेही मोजावं. बाक दुमडायचेच असतील तर वेळ लिहून दुमडावेत आणि ती वेळ संपली की उघडावेत. प्रत्येक डब्यात थोडे बाक कुठल्याही वेळी दुमडू नयेत, आणि ते दाराजवळ ठेवावेत, टोकाला नव्हे. दारं रुंद करावीत. आणि बाकांना हात लावण्याआधी जादा गाड्या आणि जादा रूळ यांची तारीख सांगावी.

आपण प्रवाशांनीही एक करावं. समोरची बाई दोन्ही हात पोटाशी धरून उभी असेल तर तिने मागण्याची वाट पाहू नये. उठावं.