खुर्चीतून उठताना

अलेक्झांडर टेक्निकचा शिक्षक व्हायला किमान तीन वर्षं आणि 1600 तास लागतात म्हटलं, की लोक विचारतात, ‘‘इतकं शिकायचं तरी काय असतं त्यात?’’ प्रश्न रास्त आहे. आमच्या वर्गात डोकावणाऱ्याला दिसतं ते एवढंच, की कुणीतरी खुर्चीत बसतंय, उठतंय आणि दुसऱ्या कुणाचा तरी हात त्याच्या मानेवर नाहीतर पाठीवर आहे. मी लंडनमध्ये हे शिकले आणि आता तिथेच शिकवते. पुण्यातल्या योगवर्गात घडलेलं माझं शरीर सूचना मिळताच कामाला लागायचं. टाचा दाबा, गुडघे वर ओढा, छाती उघडा. इथे पहिल्या दिवसापासून मागणी अशी, की उठायचं ठरवा आणि उठू नका.

फ्रेडरिक मथायस अलेक्झांडर यांना ही वाट सापडली ती गरजेपोटी. 1869 साली टास्मानियात जन्मलेला हा माणूस रंगमंचावर नाट्यप्रवेश आणि कविता म्हणून दाखवायचा. कार्यक्रमात आवाज बसायचा. डॉक्टरांच्या सल्ल्याने विश्रांती घेतली की सुटायचा, मंचावर गेलं की पुन्हा बसायचा. तेव्हा बोलताना आपणच काहीतरी करत असणार, असा तर्क करून ते आरशासमोर उभे राहिले. बोलायला सुरुवात करताच त्यांचं डोकं मागे खेचलं जात होतं, स्वरयंत्र खाली दाबलं जात होतं आणि श्वास तोंडाने, आवाज करत आत ओढला जात होता. मग डोकं पुढे न्यायचा प्रयत्न सुरू झाला. आपल्याला ते जमतंय असं त्यांना वाटतही होतं. पण दोन्ही बाजूंना आणखी आरसे लावल्यावर दिसलं, की बोलायच्या क्षणी डोकं पहिल्यासारखं मागेच जातंय.

मला विचाराल तर सगळी विद्या या एका शोधात आहे. आपण काय करतोय हे सांगणारी आतली जाणीवच सवयीने बिघडलेली असते आणि आपण तिलाच साक्षीला बोलावतो. यावर अलेक्झांडरांनी काढलेला उपाय विलक्षण आहे. एखादं वाक्य म्हणायचं ठरवायचं. ते लगेच म्हणायला नकार द्यायचा. मान मोकळी राहू दे, डोकं पुढे आणि वर जाऊ दे, पाठ लांब आणि रुंद होऊ दे, असं मनात चालू ठेवायचं. आणि ऐन वेळी पुन्हा नव्याने ठरवायचं, की वाक्य म्हणायचं, काहीच करायचं नाही की नुसता हात उचलायचा. जुनी सवय फळाच्या ओढीवर जगते. ती ओढ थांबली की सवयीला धरायला काही उरत नाही. 1904 मध्ये ते लंडनला आले, 1931 मध्ये त्यांनी शिक्षकांसाठी पहिला प्रशिक्षणवर्ग सुरू केला आणि 1955 मध्ये वारले तोवर शिकवत राहिले.

आपल्याकडे मुलांना ‘ताठ बस, पोक काढू नकोस’ असं सांगतात. मूल खांदे मागे नेतं, कंबर आवळतं, छाती पुढे काढतं आणि थोड्या वेळात पुन्हा वाकतं. त्याला आळशी ठरवणं अन्यायाचं आहे. त्याने एका ताणावर दुसरा ताण चढवला, तो किती वेळ टिकणार? डोकं कण्यावर नेमकं कुठे टेकतं, असं मोठ्यांना विचारलं तरी बहुतेकांचं बोट कॉलरपाशी जातं. तो सांधा असतो दोन कानांच्या मधोमध, आपल्या कल्पनेपेक्षा बराच वर. साडेचार-पाच किलोचं डोकं तिथे तोललेलं असतं. मानेमागचे स्नायू आखडले, की ते मागे-खाली ओढलं जातं आणि सगळा कणा दबतो.

प्रशिक्षणाचा सर्वांत अवघड भाग हातांचा. सुरुवातीला बराच काळ दुसऱ्याला हात लावू देत नाहीत. आधी फक्त खुर्चीची पाठ धरायची, बोटं सरळ ठेवून, मनगट न आवळता, आणि त्या वेळी आपली मान काय करते याकडे लक्ष द्यायचं. मग हळूहळू सहविद्यार्थ्यांच्या पाठीवर, मानेवर. समोरच्याला ‘बरं करायचं’ असं मनात आलं, की आपला श्वास अडतो, दंड घट्ट होतो आणि हाताखालची मान तत्क्षणी सावध होते. तिला काही सांगावं लागत नाही. आपण थांबलो, आपली पाठ मोकळी झाली, की तीच मान सैल होते. हे इतक्या थेट घडतं, की शिक्षकाला लपायला जागा नाही. म्हणूनच पाच विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असावा लागतो, म्हणूनच तीन वर्षं. पुस्तकातून शरीररचना शिकता येते. हात न आवळता ठेवणं रोज कुणाच्या तरी हाताखाली राहूनच अंगी येतं.

पुरावा मागणाऱ्यांसाठी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये 2008 साली आलेली चाचणी सांगते. जुनाट कंबरदुखीचे 579 रुग्ण होते. ज्यांना 24 धडे मिळाले, त्यांचे वर्षानंतर चार आठवड्यांतले दुखण्याचे दिवस साधारण 3 होते. नेहमीच्याच उपचारांवर असलेल्यांचे 21. पाठीला बांधायचे पट्टे आणि बाक आला की थरथरणारी यंत्रं यांच्यावर माझा विश्वास नाही. ती माणसाला आणखी एक ताण शिकवतात.

हल्ली महाराष्ट्रातूनही तरुण विचारतात, विशेषतः गाणारे, नाचणारे आणि फिजिओथेरपिस्ट, की हे शिकायचं तर सुरुवात कुठून करू? आधी स्वतःसाठी धडे घ्या, आणि एकाच शिक्षकाकडे नव्हे, दोघा-तिघांकडे. त्यांचे हात कसे आहेत ते तुमच्या पाठीला कळेल. मग प्रशिक्षणवर्गात एक दिवस नुसते बसून या आणि विद्यार्थी घाईत आहेत का ते पाहा. सहा महिन्यांत शिक्षक करून देतो म्हणणाऱ्याला मात्र पैसे देऊ नका.