चिरनेरची शंभरी आणि संगीत नाटक

मंडळी, २५ सप्टेंबर २०३० ला चिरनेरच्या जंगल सत्याग्रहाला शंभर वर्षं होतील. त्या दिवशी काय करायचं याचा विचार आतापासून केला पाहिजे, असं मला वाटतं. हारतुरे, मानवंदना, भाषणं होतीलच, ती व्हायलाही हवीत. पण माझ्या डोक्यात वेगळंच खूळ आहे: संगीत नाटक.

हसू नका. मध्यंतरी भाच्याला पनवेलच्या फडके नाट्यगृहात एका जुन्या संगीत नाटकाला नेलं होतं. पोरगा सीएफएसमध्ये कामाला, कंटेनरच्या पाळ्या करणारा. पंधरा मिनिटं एकच पद चाललं तेव्हा हळूच म्हणतो, "मामा, गोष्ट पुढे कधी सरकणार?" आजूबाजूचे पांढऱ्या केसांचे रसिक रागावून बघायला लागले. पण प्रश्न चुकीचा होता का? मला तरी नाही वाटत.

अण्णासाहेब किर्लोस्करांनी ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात 'शाकुंतल' आणलं, तेव्हा त्यात पदं खच्चून होती, पण बरीचशी छोटी आणि गोष्ट पुढे नेणारी. चाली कुठल्या? साकी, दिंडी, कीर्तनातल्या, लावणीच्या. लोकांच्या कानात आधीपासून होत्या त्याच. म्हणजे त्या काळची ती पोरांचीच गाणी. पुढे 'मानापमान'ला गोविंदराव टेंबे आणि 'स्वयंवर'ला भास्करबुवा बखले आले, रागदारी आली, बालगंधर्वांचा गळा आला. सोनं झालं, मान्य. पण हळूहळू नाटकाची मैफल झाली आणि मैफलीला तयार कान लागतो. तो नसला की पोरगं मोबाईल काढतं.

आणि हे नाटक देशाच्या कामापासून लांबही नव्हतं. ८ जुलै १९२१ ला बालगंधर्व आणि केशवराव भोसले मुंबईत एकत्र 'मानापमान'ला उभे राहिले ते टिळक स्वराज्य फंडासाठी. त्यानंतर नऊच वर्षांनी आपली माणसं कोयते-कुऱ्हाडी घेऊन अक्कादेवीच्या डोंगरावर गेली.

आजची पोरं गाणारं नाटक बघत नाहीत, हेही खोटं आहे. प्राजक्त देशमुखांचं 'देवबाभळी' बघा. रंगमंचावर दोनच बायका, तुकोबांची आवली आणि लखुबाई होऊन आलेली रखुमाई. ना झगमगाट, ना विनोदी जोडी. तरी तरुण मुलं तिकीट काढून गेली, रडून बाहेर आली. कारण ओवी आणि अभंग त्यांच्या घरातले होते आणि भांडण खरं होतं: नवरा देवाच्या मागे, बायको पोटाच्या मागे.

आता आपल्याकडे काय आहे बघा. गोळीबारात पडलेले आठ गावकरी, त्यात नाग्या कातकरी. सरकारी बाजूचे मामलेदार जोशी, तेही त्याच दिवशी गोळीने गेले. त्या माणसाच्या मनात शेवटच्या घटकेला काय असेल? त्याला एक पद नको? जंगल आपलं म्हणून गेलेले आगरी, कातकरी, कोळी, आणि आज त्यांचीच नातवंडं-पतवंडं अटल सेतू आणि विमानतळ बघत विचारतायत की यात आपलं काय. यापेक्षा ताजा विषय कुठून आणायचा?

फक्त चाली बाहेरून आणायच्या नाहीत. आपल्या लग्नातले धवले आहेत, कातकऱ्यांची गाणी आहेत, कीर्तन आहे. डीजेवर नाचणाऱ्या पोरांच्या अंगात ताल आहेच, त्यांनाच ढोलकीला बसवा. मुंबईचा मोठा नट नसला तरी चालेल. दोन तासांत संपवा, रात्र जागवायची गरज नाही.

लिहिणारा अजून सापडलेला नाही. पण एक काम आजच करता येईल. ज्यांच्या घरी धवले म्हणणारी आजी आहे, त्यांनी तिच्याजवळ बसून मोबाईलवर आवाज घेऊन ठेवा. तिला आधी चहा द्या आणि मध्ये टोकू नका. धवलारीण आता फार थोड्या घरांत उरल्यात. ज्यांनी रेकॉर्डिंग केलं असेल त्यांनी खाली कळवा, मी घरी येतो.